एकाच नंबरचे दोन सेट

रिमोटवर उडवायचं शिकाऊ विमान घ्यायचं तर सगळ्यात आधी पंख बघायचा, हे मला आमच्या यांनी शिकवलं. पंख अंगाच्या वर बसवलेला हवा आणि त्याची दोन्ही टोकं जराशी उचललेली हवीत. असं विमान हवेत तिरकं झालं आणि आपण घाबरून हात सोडले, तरी ते स्वतःहून सरळ व्हायला बघतं. खाली पंख असलेली विमानं दिसायला देखणी, पण स्वभावाने फटकळ. जरा चुकलं की माफी नाही.

माझी शाळा सातवीत सुटली. पण यांच्या विमानांबरोबर जी इंग्रजी पुस्तकं यायची, ती मी मांडीवर डिक्शनरी घेऊन वाचली. एक पान वाचायला कधी कधी आठवडा जायचा. पुण्या-मुंबईच्या दुकानांना पत्रंही मीच लिहायची. कुठल्या विमानाला कुठला सेट, म्हणजे हातात धरायचा रिमोट, त्या सेटला विमानात कुठला रिसीव्हर, बॅटरी केवढी, हे बघणं घरात माझं काम होतं. उडवणं त्यांचं. आणि आदल्या रात्री सेटची बॅटरी चार्जिंगला लावणं, तेही माझंच. "बठ्ठं इसरी जाय, पन बॅटरी नको इसरू," सगळं विसर पण बॅटरी नको, असं ते मला दर शनिवारी सांगायचे. मी भडगावची, ते शिरपूरकडचे. घरात आमचं अहिराणीतच चालायचं.

हे जाऊन आता चार वर्षं होतील. त्यांच्या सेटला मी त्यानंतर हात लावला नाही. खरं तर त्याच्या कितीतरी आधीपासून लावत नव्हते.

गेल्या थंडीत धुळ्याहून भाऊंचा फोन आला. भाऊ म्हणजे यांचे जुने दोस्त. धुळ्यात त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी त्यांच्याकडे येतात आणि नव्या तारेने भरून परत जातात. मला ते भाभी म्हणतात. ईदला त्यांच्याकडून शीरखुर्म्याचा डबा जळगावला येतो, दिवाळीला माझ्या चकल्या तिकडे जातात. हे गेल्यावरही डबे थांबले नाहीत. यांना मी आणि मुलं सोडून अजून कुणी रोजच्या रोज आठवत असेल तर ते भाऊच.

"भाभी, एक काम आहे," ते म्हणाले. "दुकान आता मुलगी आणि जावई बघतात. मी नुसता खुर्चीवर बसून गिऱ्हाइकांना चहा पाजतो. एकदा विमान उडवावं म्हणतो."

मी गॅस बारीक केला.

"ऐकताय ना? का तुमच्या जळगावचं नेटवर्क केळीच्या बागेत गेलं?"

"ऐकतेय," मी म्हटलं. "एवढ्या वर्षांनी?"

"मरायच्या आधी. तुम्ही निवडा, तुमच्यासारखं कुणाला जमत नाही. पण एक शर्त आहे. तयार पाहिजे. पंखापासून प्लगपर्यंत सगळं कारखान्यातून आलेलं. माझ्या हातचा तारेचा एक जोड त्यात नको."

"असं का म्हणता भाऊ?"

"तुम्ही विचारता? तुमच्यासमोर तर पडलं होतं."

फोन ठेवला आणि तशीच गच्चीवर गेले. वाळत घातलेल्या मिरच्या उलटायच्या होत्या. मिरच्यांवरून एक सावली सरकली. घार होती, नुसती घार. पण मी दोन्ही हात डोक्यावर धरून खाली बसले. हे असं अठरा वर्षं चाललंय. मिक्सर चालता चालता एकदम बंद पडला की माझी नजर आधी वर जाते, मग स्विचकडे. कुठे एरंडेल जळल्याचा वास आला की मी भिंत धरून उभी राहते, कारण त्या काळातल्या इंजिनांच्या इंधनात एरंडेल असायचं. घरातल्यांना वाटतं, आईला चक्कर येते.

तर काय झालं होतं ते सांगते.

त्या वेळी सगळे नशिराबादच्या अलीकडे एका शेतात जमायचे. कापूस निघाला, पऱ्हाट्या उपटून बांधाला ढीग लावले, की पुढची पेरणी होईपर्यंत ते शेत आमचं मैदान. उडवणारे चार-पाच जणच, पण शिस्त मोठी. तेव्हाचे रेडिओ सेट आजच्यासारखे नव्हते. प्रत्येक सेटला एक नंबर असायचा, आणि विमानातला रिसीव्हर त्या नंबरवर जो बोलेल त्याचं ऐकायचा. मालक कोण, परका कोण, त्याला कळायचं नाही. एकाच नंबरचे दोन सेट एका वेळी चालू झाले, की वरचं विमान वेडं व्हायचं आणि पडायचं. यांचा आणि भाऊंचा नंबर एकच होता. नंबर बदलायचा तर सेटमधला क्रिस्टल बदलावा लागायचा; तो आणायला मुंबईला कोण जाणार, म्हणून तसंच राहिलं.

त्यावर यांनी एक पद्धत बसवली होती. बांधावरच्या लिंबाला एक फळी टांगलेली असायची. तिच्यावर कपड्यांना लावायचे लाकडी चिमटे, एका चिमट्यावर एक नंबर. ज्याच्या कॉलरला चिमटा, त्यानेच सेट चालू करायचा. चिमटा कॉलरला नसेल तर सेटच्या बटणाला बोट लावायचं नाही, नुसतं बघायला म्हणून सुद्धा नाही. दोघांत एक चिमटा. भाऊ थट्टा करायचे, "एका बायकोचे दोन नवरे झालो आपण." हे म्हणायचे, "आणि सासू माझी बायको," कारण चिमट्यांवर नजर माझी असायची.

त्या दिवशी चिमटा भाऊंच्या कॉलरला होता. विमान त्यांनी स्वतः बांधलेलं. पातळ हलक्या लाकडाच्या पट्ट्या कापून, घासून, चिकटवून, वर कापड ओढून, एक वर्ष लागलं होतं. आतली बॅटरी, तारा, सगळे सोल्डरचे जोड त्यांच्या हातचे. पिवळं विमान, पंखाला खालून लाल पट्टा. तीनदा उडून उतरलं होतं. हे चौथं उड्डाण.

आमचे हे शेतमालकाशी बोलायला विहिरीकडे गेले होते. मी पुरुषांच्या मागे, सतरंजीवर बसले होते. यांचा सेट माझ्या मांडीवर. त्यांची पाळी पुढची होती. आणि मला एकदम आठवेना, की काल रात्री मी बॅटरी चार्जिंगला लावली का. पाहुणे आले होते, स्वयंपाक लांबला होता. लावली असं वाटत होतं आणि नाही असंही वाटत होतं. सेटवर एक बारीक काटा असतो. हिरव्यात आला तर बॅटरी भरलेली, लालात तर रिकामी. पण सेट चालू केल्याशिवाय काटा हलत नाही.

मला सगळं माहीत होतं. चिमट्यांवर नंबर मीच लिहिले होते. तरी मी बटण सरकवलं. काटा बघायचा आणि बंद करायचं, एवढंच. अँटेना आत ढकललेली आहे, मग काही होत नाही, असंही मनाला सांगितलं.

काटा हिरव्यात गेला. मला इतकं बरं वाटलं. मी बटण मागे घेतलं आणि वर बघितलं.

विमान उतरायला शेवटच्या वळणावर होतं, आमच्या डोक्यावरच, जमिनीपासून फार वर नाही. ते आधीच पाठीवर झालं होतं. खालून दिसायचा तो लाल पट्टा आता वरच्या बाजूला होता, जिथे तो असायला नको होता. सावली सतरंजीवरून गेली आणि पऱ्हाट्यांच्या ढिगात आवाज झाला. फार मोठाही नाही. कुणी काडक्यांची मोळी टाकावी तसा.

भाऊ धावत गेले. मी बसूनच राहिले. ढिगातून त्यांनी विमानाचं पोट बाहेर काढलं, उघडलं आणि बॅटरीची तार हातात घेऊन तसेच उभे राहिले. तार जोडापासून सुटली होती. "माझाच जोड," ते म्हणाले. "माझाच जोड कच्चा निघाला." आपटल्यावर तार सुटली असेल हे कुणाच्या मनात आलं नाही. माझ्या आलं. मी तोंड उघडलं आणि नुसतं पाणी मागितलं.

भाऊंनी त्यानंतर विमानाला हात लावला नाही. विमानाचं जाऊ द्या हो. धुळ्यात रेडिओची, टीव्हीची बारीक कामं लोक त्यांच्याकडे द्यायचे. जिथे दुसऱ्याला तारही दिसायची नाही तिथे ते जोड द्यायचे. ते सगळं त्यांनी बंद केलं. "हाताचा भरवसा राहिला नाही," म्हणायचे. मोटारीची तार स्वतः भरायचे, पण शेवटचा जोड द्यायला दुकानातल्या दुसऱ्या कारागिराला बोलवायचे. अठरा वर्षं. मी चकल्या पाठवत राहिले.

यांना कळलं होतं का, हे मला आजही माहीत नाही. त्या संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी सेट हातात घेतला, बटण चाचपलं, माझ्याकडे बघितलं आणि बाजूला ठेवला. पुढे कधीही माझ्या मांडीवर सेट दिला नाही. पिशवीत घालून स्वतःच्या पायाशी ठेवायचे. कधी विचारलं नाही. त्यांच्या शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात आम्ही दोघंच असायचो. एकदा म्हणाले, "तुला काही सांगायचंय का?" मी म्हटलं, "काय सांगायचं? झोपा."

तर आता भाऊंसाठी विमान निवडायला बसले. मोबाइलवर सगळं दिसतं आजकाल. पुण्याच्या एका दुकानात फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "मावशी, नातवासाठी हवंय का?"

"नाही, एका सदुसष्ट वर्षांच्या गृहस्थासाठी."

"मग सगळं एका खोक्यात येतं ते घ्या. विमान, सेट, बॅटरी, चार्जर. काही जोडायचं नाही, काही बघायचं नाही."

"तो सेट त्या विमानाशिवाय दुसऱ्याशी बोलतो का?"

त्याने कुणाला तरी विचारलं. "नाही बोलत."

"आणि किती लांब ऐकू येतं त्याचं?"

"मावशी, तुम्ही कोण?"

खोक्यातलं घेतलं असतं तर काही प्रश्न नव्हता. भाऊंची शर्त पाळली गेली असती. एकही जोड त्यांच्या हातचा नाही, आणि मला काही बोलायलाही नको. पण ते खेळणं होतं. आज आवडलं तर उद्या दुसरं विमान घेईल माणूस, तेव्हा सेट चांगला हवा, दहा विमानांची आठवण ठेवणारा. मी फोमचं विमान निवडलं, वर पंख असलेलं, कारण फोम आपटला तरी चिकटवता येतो. सेट वेगळा घेतला. मग त्याला चालणारा रिसीव्हर शोधला. हे फार बघावं लागतं. एका कंपनीचा सेट दुसऱ्या कंपनीच्या रिसीव्हरशी बोलत नाही, आणि एकाच कंपनीतही जुनी बोली वेगळी, नवी वेगळी. भडगावची अहिराणी आणि तिकडे रावेरकडची बोली, दोन्ही खानदेशचीच, पण एकमेकींना अडखळतात, तसं. बोली जुळली की मग सेट आणि रिसीव्हर एकदा शेजारी ठेवून त्यांची ओळख करून द्यायची. तेवढं झालं की तो रिसीव्हर जन्मभर त्याच सेटचं ऐकतो. शंभर माणसांनी शेजारी शंभर सेट चालू केले तरी त्याला फरक पडत नाही.

हे वाचलं तेव्हा मी मोबाइल पालथा ठेवला.

बॅटरी पुण्याच्या दुकानात संपली होती, म्हणून दुसरीकडून मागवली. सगळं आलं. विमान जुळवलं, आणि ओळख करून द्यायची म्हणून बॅटरी लावायला गेले तर विमानाचा प्लग एक जातीचा, बॅटरीचा दुसऱ्या जातीचा. बसेना. तीस वर्षांत माझी अशी चूक झाली नव्हती. प्लग मी नेहमी दोनदा बघते. या वेळी बघितला नाही का, की बघूनही मागवली, हे मी देवापुढे बसूनही सांगू शकणार नाही. बदलून मिळाली असती. मी बदलली नाही. जुना प्लग कापून नवा सोल्डर करायचा, पाच मिनिटांचं काम. खोकं बांधलं आणि धुळ्याची एसटी धरली.

भाऊ दुकानाच्या वरच्या खोलीत होते. खोकं उघडलं तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला की मला तिथेच परत फिरावंसं वाटलं. पंख हातात घेऊन त्यांनी वजन बघितलं, नाकाशी धरून वास घेतला. "काहीच वास नाही याला," म्हणाले आणि हसले. मग प्लग बघितले.

"भाभी, हे बसत नाही."

"हो. जोड द्यावा लागेल."

"मी नाही देणार. खाली आहे कारागीर, त्याला देतो."

"तुम्ही द्या भाऊ."

"माझं काय ठरलं होतं तुमच्याशी?" आवाज चढला त्यांचा. "पुन्हा पाडायचं का ते?"

"तुमच्या जोडाने पडलंच नव्हतं."

"तार माझ्या हातात होती."

"ती आपटल्यावर सुटली. भाऊ, यांचा सेट मी चालू केला होता. तुमचं विमान वर असताना."

खाली दुकानात कुणीतरी मोटार चालू करून बघत होतं, तिचा आवाज वर येत होता. भाऊंनी पंख खाली ठेवला. पहिल्यांदा त्यांना कळलंच नाही असं वाटलं.

"चिमटा तर माझ्याकडे होता," ते म्हणाले.

"हो."

"मग का चालू केला?"

"काटा बघायला. रात्री चार्जिंगला लावला होता का ते आठवत नव्हतं."

ते पुन्हा पंखाकडे वळले. बोटाने त्याच्या कडेवरून फिरवत राहिले. मग म्हणाले, "भरलेली होती?"

"काय?"

"बॅटरी. भरलेली होती का?"

"होती."

त्यांनी मान हलवली, गिऱ्हाइकाने मोटारीचं दुखणं सांगितल्यावर हलवतात तशी. "त्याला माहीत होतं?"

"मला ठाऊक नाही. मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही."

"म्हणजे माहीत असेल." हे ते माझ्याशी बोलले नाहीत. मुलगी चहा घेऊन वर आली, तिने दोघांकडे बघितलं आणि कप ठेवून खाली गेली. भाऊ म्हणाले, "भाभी, तुम्ही जा आता. पाचची गाडी मिळेल."

विमान तिथेच राहिलं. पारोळ्यापर्यंत मला रस्ता दिसला नाही. लोक म्हणतात बोलून टाकलं की हलकं वाटतं. मला नाही वाटलं. इतके दिवस एक विमान पडायचं, आता त्याच्या मागे यांचा चेहराही दिसायला लागला, सेटचं बटण चाचपतानाचा. यांचा एक दोस्त होता, त्याच्याजवळ यांची एक आठवण होती, तीही मी नासवली.

ईद आली. डबा आला नाही. मी दिवसभर दार उघडं ठेवलं, उन्हाने ओटा तापला. मुलगा म्हणाला, "आई, माशा येतात." मी लावलं दार.

नंतर पंधरा-वीस दिवसांनी सकाळी फोन वाजला. भाऊच होते. नमस्कार नाही, सलाम नाही.

"जोड दिला," ते म्हणाले. "मीच दिला. देऊन पक्कडीत धरून ओढला. निघाला नाही. परत ओढला. तुटला, पण जोडातून नाही, तार तुटली मधूनच."

"मग?"

"मग दुसरी तार लावून परत दिला. आज उडवलं."

मी फोन दोन्ही हातांनी धरला. "आणि?"

"उतरलं."

मला रडू आलं ते त्यांना ऐकू गेलं असणार. ते थांबले नाहीत, समजूतही घातली नाही. म्हणाले, "अठरा वर्षं भाभी. पोरीला मी सोल्डरिंग शिकवलं नाही. म्हटलं, माझा हात तिला लागायला नको." फोन बंद झाला असं वाटून मी कानापासून काढला, तेवढ्यात आवाज आला. "रविवारी या. सकाळी, वारा उठायच्या आधी. पण माझ्या पाठीमागे बसायचं नाही. बाजूला उभं राहायचं, मला दिसाल अशा. हात दिसतील अशा."

"येते," मी म्हटलं.

गेले. धुळ्याबाहेर एका पडीक माळावर ते उडवतात. मुलगी बॅटऱ्यांची पिशवी धरून उभी होती. माझ्याशी ती नीट बोलली, भाऊ फारसं नाही. मी त्यांच्या डाव्या हाताला, दहा पावलांवर उभी राहिले. मी दुसरा सेट अगदी जवळ आणून चालू केला असता तरी विमानाचं काही बिघडलं नसतं, आताचा रिसीव्हर मीच तर निवडून घेतलाय. पण ते अंतर माझं नव्हतं, त्यांनी ठरवलेलं होतं.

विमान वर गेलं, पांढरं, शांत, मधमाशीएवढा आवाज. मी त्याच्याकडे बघत होते आणि त्याच्या जरा खाली, डावीकडे, मला पिवळं दिसत होतं. ते उतरायला वळलं की पिवळंही वळायचं. भाऊंची नजर वर होती, पण मधूनच एकदा, दर वळणाला, ती माझ्या हातांवर येऊन जायची.

आता महिन्यातून दोन रविवार जाते. पहाटेची गाडी धरते, तिथे पोचते, दहा पावलांवर उभी राहते आणि दोन्ही हात पदराबाहेर काढून पुढे धरते. गेल्या वेळी मुलीने माझ्यासाठी खुर्ची आणली होती. भाऊंनी ती कुठे ठेवायची ते बोटाने दाखवलं, बाजूलाच, मागे नाही.